कुठली केस?

मास्तरांनी छडी माझ्या डोक्याकडं रोखली आणि विचारलं, "विच केस?"

इंग्रजी पहिलीचा वर्ग. मुली आम्ही चौघी. तिघी बाकावर, मी दाराशी गोणपाटावर. फळ्यावर मास्तरांनी एक वाक्य लिहिलं होतं, पण दारातून बघितलं की निम्मा फळा उन्हानं नुसता चमकायचा. मला वाक्य दिसत नव्हतं. छडी दिसत होती. ती माझ्या केसांवर रोखलेली होती.

सकाळी आईनं करडईचं तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. मी वेणीला हात लावला आणि म्हणाले, "माझंच केस हायती, मास्तर."

मग एक पोरगा फिसकन हसला आणि त्याच्यामागं सगळे. बाकावरच्या तिघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मास्तरही हसले. चष्मा काढून डोळे पुसले.

"तुझेच गं बाई," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नकोत ते. उद्या कापून ये. उवा आहेत त्यांत, वर्गभर पसरतील."

मास्तर दारापर्यंत कधी आले नव्हते. माझी पाटी ते लांबूनच बघायचे. तरी त्यांना उवा दिसल्या.

आम्ही बेळगावात कॅम्पात राहायचो. एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यामागं गड्यांच्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या खोलीत. शेवटची, कारण आम्ही महार. माझा बाप, आप्पा, बंगल्याच्या बागेत काम करायचा. पहिल्या लढाईत तो बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. तिथं त्यानं गोरे जवळून बघितले आणि एक गोष्ट मनात धरून परत आला, की पोरगी इंग्रजी शिकली पाहिजे.

त्या संध्याकाळी आईनं मला अंगणात बसवलं आणि सगळं डोकं धुंडाळलं. "एक बी ऊ न्हाय," ती म्हणाली. "लीख सुदिक न्हाय. सांग जा तुज्या मास्तराला."

"सांगून काय हुतंय?" आप्पा म्हणाला. "काप."

"बाप जित्ता असताना पोरीचं केस कापू?"

"शाळा तुटायची न्हाय. काप."

घरात कात्री नव्हती. आप्पानं बंगल्यातली कात्री आणली. मेंदीचं कुंपण कापायची. कात्री मोठी, माझी मान बारीक. कात्री घसरली आणि कानामागं लागलं. रक्त आलं. तिनं पदरानं पुसलं आणि पुढं कापत राहिली. रडली नाही. मीही रडले नाही. आप्पा मात्र उठून झाडांना पाणी घालायला गेला. त्या झाडांना दुपारीच पाणी घालून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मान ताठ धरून बसले. मास्तरांना दिसावं म्हणून. त्यांनी हजेरी घेतली, फळा पुसला, शिकवायला लागले. तास संपला. ते निघून गेले.

ते विसरले होते. आदल्या दिवशी काय बोललो ते त्यांच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

हसले त्याचं मला तेवढं लागलं नाही, जेवढं हे लागलं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी केस म्हणजे काय ते नीट सांगितलं. इंग्रजीत केस तीन. जो करतो तो नॉमिनेटिव्ह. ज्याच्या मालकीचं असतं तो पझेसिव्ह. आणि ज्याच्यावर क्रिया घडते तो ऑब्जेक्टिव्ह. उदाहरण, राजा चोराला मारतो. राजा नॉमिनेटिव्ह, चोर ऑब्जेक्टिव्ह. पोरं घोकत होती. मी मनातल्या मनात दुसरं वाक्य केलं. मास्तर मुलीला हसतात. मग मी कोण ते मला पाठ करावं लागलं नाही.

घरी येऊन आप्पाला सांगितलं, तर तो म्हणाला, "खुळी का काय तू? केस म्हंजी पेटी. बसऱ्याला गोळ्यांच्या केसी उचलून माजा खांदा गेला. आन् मडमेच्या टोपीची केस मीच न्हेतो न्हवं मोटारीपातूर."

मला वाटलं आप्पाला कळत नाही. पण पुढं साहेबाची बदली झाली, जाताना त्यांनी बरंच सामान टाकून दिलं, आणि त्यात आप्पाला एक इंग्रजी-मराठी कोश सापडला. वाळवीनं कडा खाल्लेला. त्यात मी तो शब्द काढला. पेटी होती. आप्पाचं बरोबर होतं. विभक्ती होती, म्हणजे मास्तरांचंही बरोबर होतं. शिवाय खटला. रोगी. अवस्था. एकाच शब्दाला एवढे अर्थ, आणि गोऱ्यांना ते सगळे ठाऊक असतात, ह्याचं मला तेव्हा लई नवल वाटलं. नवल वाटायचंच वय होतं. बाकीचे अर्थ आमच्या घरात चालत येणार होते, ते मला काय माहीत.

माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीच्या अलीकडं एका गावात दिली होती. दाजी आणि ती दोघंही तंबाखूच्या वखारीत जायची. मी इंग्रजी चौथीत होते त्या उन्हाळ्यात आप्पा तिला भेटायला चालत गेला. गावाच्या वेशीला विहीर होती. आप्पाला तहान लागली होती. विहिरीवर कुणी नव्हतं. त्यानं पोहरा सोडला, पाणी काढलं, प्याला. एवढंच.

परत आला तेव्हा त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. मनगट मोडलं होतं. ते पुढं वाकडंच जुळलं.

"मी केस घालणार," आप्पा म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द पेटीशिवाय दुसऱ्या अर्थानं मी पहिल्यांदा ऐकला. आई नको म्हणाली. दाजीनं निरोप धाडला, की केस घालू नका, आम्हाला गावात राहायचंय. आप्पानं ऐकलं नाही. बसऱ्याला तो गोऱ्यांबरोबर एका टाकीचं पाणी प्याला होता. सरकार आपलं ऐकणार, असं तो धरून चालला होता.

मी त्याच्याबरोबर कोर्टात जायची, कागद वाचायला. वकील आम्हाला आवारातल्या झाडाखाली भेटायचा. "साक्षीदार कोण?" त्यानं विचारलं.

"सारा गाव बघत हुता," आप्पा म्हणाला.

"त्यातला एक आण."

एकही आला नाही. तिथल्या महारवाड्यातलासुद्धा नाही. दाजीही नाही. तारखा पडत गेल्या. शेवटी एक दिवस कारकुनानं आप्पाच्या हातात कागद दिला. बाहेर येऊन आप्पानं तो माझ्यापुढं धरला. "वाच."

मी वाचला. पुन्हा एकदा वाचला. "आप्पा, केस न्हाय म्हणत्यात."

"म्हंजी?"

"केस हुईत न्हाय. असं लिवलंय."

आप्पानं आपलं मनगट वर धरलं, जणू कागदाला दाखवतोय. "मग ह्यो हात कुणी मोडला?"

मी कागद तिसऱ्यांदा वाचला. इंग्रजी चौथीत होते, तरी ते त्यात कुठं सापडलं नाही. त्यानंतर त्यानं गोऱ्यांच्या, बसऱ्याच्या गोष्टी सांगायचं सोडलं.

दोन वर्षांनी आक्काचे दिवस भरले. पहिलं मूल. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, बेळगावला न्या. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारवाल्यानं तिला घेतलं नाही. दाजीनं तंबाखूच्या लॉरीवाल्याचे पाय धरले. लॉरीत तंबाखूच्या बोदांवर, भरल्या पोत्यांवर, झोपवून तिला आणली. आम्हाला निरोप आला तसे आप्पा आणि मी दवाखान्यात धावलो.

आक्का व्हरांड्यात फरशीवर होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादहा वाजले होते.

डॉक्टर दारात आले. उंबऱ्याच्या आत उभे राहून त्यांनी विचारलं, "कुठली केस?"

कंपाउंडर म्हणाला, "बाहेरची आहे, साहेब."

आक्का निपाणीकडून आणली म्हणून बाहेरची नव्हे. त्याचा अर्थ दोघांनाही कळला, आम्हालाही कळला.

"मग बाहेरच असू दे," डॉक्टर म्हणाले. "बघतो."

अकरा वाजले. नर्स दारापर्यंत आली, बघून आत गेली. आक्काच्या अंगाला तंबाखूचा उग्र वास येत होता. तिनं पाणी मागितलं. आतल्या माठाला आम्ही हात लावायचा नव्हता. मी रस्त्यापलीकडच्या नळावर ओंजळ भरली, येईपर्यंत निम्मं सांडलं. उरलेलं तिच्या ओठाला लावलं. तिनं माझं मनगट धरलं.

"तू शिकलीयास न्हवं," ती म्हणाली. "सांग की गं त्यास्नी."

मी उंबऱ्याशी गेले. डॉक्टर टेबलाशी बसले होते. शाळेत जसं उभं राहून बोलायचं तसं मी उभी राहिले. म्हणाले, "सर, माय सिस्टर इज इन ग्रेट पेन. प्लीज कम."

डॉक्टरांनी वर बघितलं. मग कंपाउंडरकडं बघितलं. "ऐकलंस?" ते म्हणाले. "इंग्रजी!"

दोघे हसले. वाईट हसले असंही नाही. मांजर दोन पायांवर चाललं तर माणूस हसतो तसं. डॉक्टरांनी पुन्हा मान खाली घातली आणि लिहायला लागले.

मी उंबरा ओलांडायला पाहिजे होता. आत जाऊन त्यांचा हात धरायला पाहिजे होता. मी परत येऊन आक्काजवळ बसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दीड वाजता आक्काचा हात सैल पडला. मूल पोटातच गेलं. दाजी ओरडला तेव्हा कंपाउंडर आला, लांबूनच वाकून बघितलं आणि आत तोंड करून म्हणाला, "साहेब, केस गेली."

पंधरा मिनिटांत कागद आला. सव्वातीन तास डॉक्टर आले नव्हते, कागद पंधरा मिनिटांत आला. कंपाउंडरनं शाईची डबी आप्पापुढं ठेवली. "इथं अंगठा लाव, म्हणजे प्रेत मिळेल."

आप्पानं अंगठा पुढं केला. मी कागद बघितला. इंग्रजीत होता. आक्काचं नाव नव्हतं. एक बाई, अमुक गावची, आणि पुढं दोन शब्द. ब्रॉट डेड. म्हणजे आणली तेव्हाच मेलेली.

मी आप्पाचं ते वाकडं मनगट धरलं. "लावायचा न्हाय," मी म्हणाले. "आक्का मेलेलीच आणली असं लिवलंय ह्यात."

कंपाउंडर आत गेला. डॉक्टर आले. उंबऱ्यावरच थांबले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"वाचता येतंय मला," मी म्हणाले. "सव्वादहाला ती जिवंत हुती. पाणी मागत हुती. तसं लिवा. मग अंगठा."

"अंगठा नाही तर प्रेत नाही."

"न्हाय तर न्हाय."

दाजी रडत होता. "ऱ्हाऊ दे गं. घरला न्हेऊ तिला. कागदात काय लिवलंय त्यानं काय हुतंय?"

मी आप्पाकडं बघितलं. वाटलं, आता हा म्हणेल, सांगून काय हुतंय. आप्पानं हात काखेत दाबून धरला आणि भिंतीला टेकून खाली बसला. आम्ही बसून राहिलो. माशा येत होत्या, मी पदरानं हाकलत होते. येणारे जाणारे बघून जात होते. कुणी थांबलं नाही.

पाच वाजता कंपाउंडर शिपायाला घेऊन बाहेर आला. आमच्यादेखत शिपायानं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर उठवला. "झालं," कंपाउंडर म्हणाला. "न्या आता."

त्या कागदावर आजही माझ्या बापाच्या नावापुढं एका परक्या माणसाचा अंगठा आहे. आणि माझी बहीण तिथं मेलेलीच आलेली आहे.

मी अर्ज लिहिले. इंग्रजीत, चांगल्या अक्षरात, वेळेसकट. तीन लिहिले. उत्तर आलं नाही. पण अर्जाची गोष्ट शाळेत पोचली. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, अर्ज खरडत फिरणारी मुलगी आमच्या शाळेत नको. पटावरून नाव गेलं. डॉक्टरांना पुढं बढती मिळाली, ते दुसऱ्या गावी गेले. आप्पा दोन पावसाळ्यांनंतर गेला. नवे डॉक्टर आले. व्हरांडा आहे तिथंच आहे.

आता गोरे जाणार म्हणतात. बाजारात सगळे त्याच्यावरच बोलत असतात. जातील. उंबऱ्याच्या आत उभे राहणारे गोरे नव्हते.

आमच्यातली बाई दवाखान्यात आणली असं कळलं की मी हातातलं काम टाकून जाते. व्हरांड्यात तिच्याजवळ बसते. घड्याळ बघते. तिचं नाव लिहिते, गाव लिहिते, किती वाजता आली, काय बोलली, डॉक्टर किती वाजता आले, आले की नाही, सगळं लिहिते. मला कुणाला वाचवता येत नाही. दोघी माझ्यासमोर गेल्या. माझी वही आजवर एकाही साहेबानं हातात घेतलेली नाही, घेईल असं वाटतही नाही.

परवा नव्या कंपाउंडरनं मला हटकलं. "तू कोण हिची? ऊठ इथनं."

मी उठले नाही. आत जाऊन त्यानं शिपायाला आणलं. शिपायानं माझा दंड धरला. मी त्याला घड्याळातली वेळ विचारली आणि त्याचं नाव विचारलं, वहीत लिहायला. त्यानं हात सोडला.

मला ओढून बाहेर टाकतील. एखाद्या दिवशी टाकतीलच. मी पुन्हा येऊन बसेन. आमच्या एकाही बाईचं खोटं मरण मी माझ्या डोळ्यांदेखत लिहू देणार नाही.