इंग्रजी भाषण खिशातच राहिलं

मित्रहो, विद्यार्थी-विनिमय योजनेतून पीटर नावाचा अमेरिकन विद्यार्थी आज उमरग्याला, आमच्या घरी महिनाभर राहायला आला.

स्वागताचं इंग्रजी भाषण मी आठवडाभर शब्दकोश बघून लिहिलं होतं. चुकलो तर घराची अब्रू जाईल, ही धास्ती. आई तर इंग्रजी येत नाही म्हणून स्वयंपाकघरातून बाहेरच येईना.

मी कागद काढला, तर पीटरनंही काढला. त्यानं माझ्याआधी, अडखळत मराठीत वाचलं, "आई, मला भूक लागली आहे."

आई धावतच आली. "आगं माय, लेकरू उपाशी हाय व्हय! " मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तू कागद काय वाचायलास?" मी कागद परत खिशात घातला.

बाबांची जेवणाआधीची लांबलचक प्रार्थना आज दोन ओळींत आटोपली.

माझ्या दोन पानी भाषणात आईचा उल्लेखच नव्हता. आता तिच्यापासूनच सुरुवात करून नवं भाषण लिहितो. पहिलं वाक्य तुम्ही काय लिहिलं असतं?