ठिगळ कापून पाहण्याबाबत

अर्जदार: मी, वय बावन्न, बहारीनमधल्या मुहर्रकमध्ये लोकांचे अर्ज लिहून देणारा. प्रतिवादी: माझा मित्र, मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमधला फिटर, मूळचा चिपळूणकडचा. घटनेचा दिवस: या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीचा शुक्रवार. साक्षीदार पहिली: मित्राची पत्नी, नर्स. साक्षीदार दुसरी: गाडी, जी सध्या सनद या वस्तीत त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. तरीही माझ्या हातचा रजेचा वा व्हिसाचा अर्ज अपुऱ्या माहितीसाठी परत आल्याचे स्मरत नाही. लपवलेली एक ओळ सगळा अर्ज बुडवते, हा माझा नियम.

गाडी जुन्या पद्धतीची ड्रॅगस्टर, सरळ पट्टीवर काही सेकंद सुसाट सोडायची: नळ्यांचा लांबलचक सांगाडा, पुढे सायकलीसारखी बारीक चाके, मागे रुंद टायर, आणि चालक इंजिनाच्या मागे, अगदी शेपटाशी बसलेला. तीन वर्षांचे शुक्रवार तिच्यात गेले. वेल्डिंग मित्राचे, घासणे, रंगवणे आणि कागदपत्रे माझी. सरावाच्या दिवशी मित्राने स्वतः आत बसून ती धावपट्टीवर सोडली तेव्हा पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली, आवाजाने माझ्या फासळ्या थरारल्या, आणि आयुष्यात कधी शिट्टीही न वाजवलेला मी ओरडत कुंपणापर्यंत पळालो. तेथे वहिनी उभ्या होत्या. त्यांची पाठ धावपट्टीकडे होती.

"थांबली का हो, भावजी?" एवढेच त्यांनी विचारले.

त्याच संध्याकाळी मागच्या आसाजवळ नळीला तडा दिसला. मित्राने तो वेल्ड केला व वर पत्र्याचे ठिगळ जोडले. "खलास! आता हत्ती बसवा, मुन्शी."

शर्यतीच्या फॉर्मवर पूर्वीच्या मोडतोडीसाठी एक ओळ सोडलेली होती. मी आकृतीसह पूर्ण पान जोडले. तपासनिसाने ते वाचले, ठिगळावर बोट टेकवले आणि मान हलवली: "मफी." म्हणजे नाही. ठिगळ कापून आतला जोड दाखवा, पुढच्या मोसमात या, असे त्याचे म्हणणे. परंतु मित्राची नोकरी उन्हाळ्यात संपते. तो कायमचा गावी जाणार. त्याला पुढचा मोसम नाही.

हेल्मेट हातात धरून तो म्हणाला, "एक ओळ मागितली होती, मुन्शी. तुम्ही माझ्या तेराव्याची पत्रिका लिहिलीत. सवयीने की मुद्दाम?"

मी म्हणालो, "नियमाने."

तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

ते उत्तर अपुरे होते; येथे ते दुरुस्त करतो. लिहिताना मला नियम आठवत नव्हता, वहिनींची पाठ दिसत होती. एक ओळ लिहिली असती तर गाडी सुटली असती, हे मला ठाऊक होते. भीती वाटते, हे त्याला तोंडावर सांगायला हवे होते. मी कागदाआड उभा राहिलो.

सबब विनंती की, गाडी भंगारात देण्यापूर्वी मित्राने ते ठिगळ माझ्या समक्ष कापावे. आतला जोड अखंड निघाल्यास, त्याची शेवटची शर्यत मी हिरावली, हे लेखी मान्य करीन. तडा पुढे सरकलेला दिसल्यासही मला बरोबर ठरवू नये. दोन्ही प्रसंगी एकदा मुन्शी म्हणून हाक मारावी. उत्तर तोंडी दिले तरी चालेल.