नातीच्या सुपासाठी ठाकरवाडीला

माझ्या लेकीला, कमळीला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली नि माझे पाय काही जमिनीला टेकेनात. सत्तर साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. पहिलं बाळ सातव्या दिवशी गेलेलं. आमच्यात पाचवीला लेकरू सुपात निजवतात. हिला नवं कोरं सूपच हवं, मी ठरवलं.

आमच्या दहिवलीच्या परसातल्या बेटाचा बांबू तोडला, कर्जतहून खालापूरची एसटी धरली. बांबू आडवा, लोक करवादलेले.

"मावशी, कुणाला बडवायला निघालात?" कंडक्टर म्हणाला.

"जावयाला!" म्हटलं. सगळी गाडी हसली.

उतरून पुढे ठाकरवाडीपर्यंत तासभर चढ. जाणार असाल तर पाणी खालीच भरा, वर दुकान नाही. ओढ्यावर मी जवळ्याची चटणी-भाकर खाल्ली. लख्ख ऊन, पाखरू बोलत नव्हतं. आणि मागं कुणीतरी सुपात पाखडत चालल्यासारखा आवाज. वळलं की बंद!

ठाकरवाडीतली सोमीबाय सुपं विणायची. मान वर न करता म्हणाली, "नात झाली ना गं?"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

तिनं माझा बांबू हुंगला नि लांब टाकला. "ह्या बेटातनं तिरडीला तोडलंय."

"सासऱ्यांच्या. चार वर्सं झाली."

"मंग ह्यात लेकरू निजवायचं नाय. पयलं सूप कशाचं व्हतं?"

"ह्याच बेटाचं," मी म्हटलं.

तिनं कोयता दिला. "रानात जा. करकरनारा सोड, गप हाय तो तोड."

वारा नव्हता, तरी सगळं बेट करकरत होतं. मधला एकच गप्प. हात लावला तर ऊबदार, लेकराच्या पाठीसारखा. तो तोडला नि सगळंच थांबलं.

उन्हं उतरायच्या आत सूप झालं, मोल म्हणून बरोबर नेलेले पायलीभर तांदूळ दिले.

पाचवीला नातीला त्यात ठेवली, तशी जी रडली!

"अगं, सारी आळी गोळा करते का काय!" शेजारीण म्हणाली. पहिलं बाळ सुपात नुसतं पडून होतं.

नात आता माझ्याहून उंच. मी सांगते, ती टाइप करते. सोमीबायला कुणी कळवलं, देव जाणे. पण कमळीला अजून वाटतं, पहिलं गेलं ते तिच्याच दुधात काही खोट होती म्हणून. नाही गं बाई. त्या पहिल्या सुपाचा बांबू मी तोडला होता.