काढून ठेवलेला शाफ्ट

गावच्या विकास सोसायटीच्या जीपवर मी ड्रायव्हर होतो. जीप लष्कराच्या लिलावातली, जुनाट, पण चारी चाकांनी ओढणारी. आमच्या बौद्धवाड्यात पगारावर लागलेला पहिला माणूस मीच, त्यामुळं माझा रुबाब काही विचारू नका. थोरली बहीण, आक्का, म्हणायची, "मान जरा खाली घालून चाल की रं, कलेक्टर न्हाईस तू." आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरेपर्यंत ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नको म्हटलं तरी ऐकेल ती आक्का कसली!

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. रस्त्यावर चिखल कसा असतो तेच आम्ही विसरून गेलो होतो. जीपच्या पोटात दोन शाफ्ट असायचे. इंजिनाचा जोर एक मागच्या चाकांना पोचवायचा, दुसरा पुढच्या. सीटजवळचा दांडा टाकला की पुढची चाकंही ओढायला लागायची. पण दांडा न टाकताही तो पुढचा शाफ्ट फुकट फिरत राहायचा, सांधे झिजायचे, पेट्रोल खायचा. मला अक्कल सुचली. चेअरमनसाहेबांना म्हणालो, "चिखल कुठं हाय आता? पुढचा शाफ्टच काढून ठिवतो." ते खूश झाले. "लई डोकं चालतंय की तुजं!" त्या शाबासकीवर मी चार दिवस तरंगत होतो. शाफ्ट मीच काढला, मीच पोत्यात गुंडाळला आणि गोदामात खताच्या थप्पीमागं ठेवला.

महिनाभरानं एका दुपारी आक्काला कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. सुईण म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाय. लोहाऱ्याला दवाखान्यात न्या, उशीर करू नका." चेअरमनसाहेबांनी लगेच चावी दिली. आईनं आक्काचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी निघालो.

वाटेत तळं होतं. त्याच्या बांधावरून वळसा घालायचा तर लई लांब. तळं आटलेलं, लोक त्यातूनच सायकली नि बैलगाड्या घालायचे. पण त्यांची चाकोरीही जरा वळणाची होती, आणि मला घाई. मी ती सोडून नाकासमोर जीप घातली. वर भेगाळलेली, टणक पापडी. पुढची चाकं निघून गेली आणि मागचं डावं चाक पापडी फोडून खाली गाळात बसलं.

मी रेस केली. डावं चाक गरगर फिरून गाळ उडवू लागलं, कोरड्यावरचं उजवं जागचं हलेना. मागच्या दोन चाकांच्या मध्ये दात्यांचा गड्डा असतो, डिफरन्शियल म्हणतात त्याला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून तो दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतो. सोय चांगलीच, पण एक चाक निसरड्यात गेलं की सगळं फिरणं त्याच्याच वाट्याला जातं. ट्रॅक्टरला टाचेखाली पेडल असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना जखडतात आणि घट्ट जमिनीवरचं चाक ओढून काढतं. आमच्या जीपला तसलं लॉक नव्हतं. पण पुढची दोन्ही चाकं टणक जमिनीवर होती, ती नुसती ओढती तरी जीप निघाली असती. सवयीनं मी दांडा टाकला. काहीच झालं नाही. मग आठवलं. अरे देवा, शाफ्ट तर गोदामात!

मी स्टीअरिंगवर बुक्क्या मारायला लागलो. आक्कानं डोळे उघडले. "चिडू नगं रं," म्हणाली. "गाडीच म्हातारी हाय, तू तरी काय करशील?"

मी खाली उतरलो आणि चाकाखालचा गाळ हातानं उपसायला लागलो.

जवळच्या दुष्काळी कामावरची माणसं पळत आली. ढकलून बघितलं, चाकाखाली दगड टाकले, घोंगडी टाकली. जीप आणखीच बसली. शेवटी कुणीतरी बाज आणली आणि चौघांनी आक्काला खांद्यावर घेतलं. बाजेच्या एका पायाला मी होतो. बांध चढून वर आलो आणि मागून आईनं हंबरडा फोडला. आक्का गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

पुढं किती वर्षं, आल्यागेल्याला आई सांगायची, "माज्या लेकानं जिवाचं रान केलं हो, पर त्या खटाऱ्यानं दगा दिला." मी शेजारी बसून ऐकायचो. चहा प्यायचो. थू माझ्या जिनगानीवर.

आईचे शेवटचे दिवस आले तेव्हा मनाचा हिय्या केला. तिचा हात धरून म्हणालो, "आई, त्या दिशी तळ्यात जीप..."

तिनं माझा हात दाबला. "नगं काढू ते. तू व्हतास म्हनून माजी पोर परक्यांत मेली न्हाय."

मग मी तिचं पांघरूण सारखं केलं. चार दिवसांनी आई गेली. आता ज्याला खरं सांगावं असं कुणी उरलं नाही.