खिडकीची जागा आणि कुमैत घोडी

चार वर्षं कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी होती. सगळी दुनिया पिंपरीहून चाकणला कामाला येते आणि मी चाकणशेजारच्या निघोज्याहून पिंपरीला जाते, म्हणजे उलट्या दिशेनं; पण ट्रॅफिक काही माझ्यासाठी उलटं होत नाही. त्या खिडकीच्या कडेला मान टेकवायला बरोब्बर एक खोबण आहे. तिथे मी रोज तासभर झोपायचे आणि मगच माणसांशी नीट बोलण्याच्या लायकीची व्हायचे. ती जागा एका घोड्यावरून पणाला लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला उतरून चालत जायला सांगितलं असतं.

त्याचं झालं असं. आमच्या बसमधले अर्धे लोक एक व्हिडिओ गेम खेळतात. अमेरिकेतला जुना काळ, मोठ्या टोप्या घातलेली माणसं, धुळीची गावं, आणि कुठंही जायचं तर घोड्यावर. गेमचं यंत्र नवऱ्यानं हौसेनं आणलं आणि दोन आठवड्यांत कंटाळून सोडलं. मी मात्र चिकटले. दिवसभर वेल्डिंग झालेले पार्ट तपासून नापास करणं हे माझं काम आहे, त्यामुळे घरी आल्यावर मोकळ्या माळावर घोडा दौडवणं मला औषधासारखं लागू पडतं.

वेल्डिंग लाइनवर बीडचा एक गडी आहे. त्याचे पार्ट मी सगळ्यात जास्त परत पाठवते, आणि तो त्याचा राग बसमध्ये काढतो. एके दिवशी गेममध्ये मी दरीत पडले हे त्यानं सगळ्या बसला सांगितलं. वर म्हणाला, "मॅडम, खोट काढणं येगळं अन् घोडं पळवणं येगळं." मी झोपेत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणाले, लाव शर्यत. रविवारी दुपारी, गेममधल्या रेल्वे स्टेशनपासून नदीपलीकडच्या पवनचक्कीच्या फाटकापर्यंत. मी पहिली आले तर त्यानं महिनाभर मी परत पाठवलेल्या पार्टांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नाही आले तर खिडकी त्याची. बसमधल्या आणखी दोघांनी उगाच आपलीही नावं घातली.

त्याच्याकडे गेममधला सगळ्यात महागडा पांढरा अरबी घोडा होता. माझ्याकडे एक म्हातारं खेचर म्हणावं असं काहीतरी होतं. नवा घोडा घ्यायचा तर गेममध्ये माझ्या गाठीशी जेमतेम एकाचीच सोय होती, म्हणजे निवड चुकली की संपलं.

मग मी माझ्या परीनं जे येतं ते केलं. तक्ता बनवला. सगळ्या जाती एकाखाली एक, समोर वेग, दम, उचल आणि स्वभाव, प्रत्येकाला मार्क. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. नवरा मागून डोकावून म्हणाला, कागदी घोडे नाचवणारी माणसं ऐकली होती, आज बघितली. तक्त्यात पहिला आला एक करडा, लांब पायांचा शर्यतीचा घोडा. मी तो घ्यायला गेममधल्या तबेल्यात शिरले, आणि नेमके तेव्हा सासरे बाहेरून आले.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या खोल्यांमध्ये कंपन्यांमधली पोरं भाड्यानं राहतात, आणि त्या पोरांच्या नळ उघडे ठेवण्यावर चिडणं हा त्यांचा हल्लीचा उद्योग. पण ऐन उमेदीत ते घाटात घोडी पळवायचे. आमच्या भागात घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जीव तोडून धावतात. त्या घोडीवर सासरे. मधे काही वर्षं शर्यती बंद होत्या, तेव्हा दारातली घोडी विकली गेली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण हे घाटाकडे फिरकले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. तेच गुडघे नळ बंद करायला दोन मजले चढताना दुखत नाहीत.

माझ्या गेमला ते पोरखेळ म्हणायचे आणि टीव्हीकडे पाठ करून चहा प्यायचे. त्या दिवशी पडद्यावर दावणीला बांधलेली सहा जनावरं दिसली आणि त्यांचा कप हवेतच थांबला.

"इकायला हायती?" त्यांनी विचारलं.

मी होकार दिला आणि करडा दाखवला. ते खुर्ची ओढून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले. त्याला फिरव म्हणाले. मी कॅमेरा घोड्याभोवती फिरवला. गळ्याखाली घे म्हणाले, मग कपाळावर, मग बरगडीपाशी. ते भोवरे शोधत होते. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत त्यावर त्याचं नशीब ठरतं, आणि भोवरे न बघता घोडा घेणारा माणूस त्यांच्या लेखी पत्रिका न बघता लग्न लावणाऱ्यातला. मी सांगितलं की गेम बनवणाऱ्यांनी भोवरे काढलेलेच नाहीत. त्यांनी तोंड उघडून दात दाखव म्हटलं. मी म्हणाले, मामा, तसं बटण नाही.

"दात बगायचे न्हाईत, भवरे न्हाईत, आन दाम मातर पुरा," ते म्हणाले. "असला बाजार आमी चाकणला कदी बगितला न्हाई."

माझं डोकं सटकलं. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला, सगळे आकडे वाचून दाखवले, वर हेही सांगितलं की दिवसभर मी हेच करते आणि त्याचाच पगार मिळतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, यातलं जनावर आवाजाला बुजतं का ते कुठं लिहिलंय. मी म्हटलं, स्वभाव या रकान्यात. ते म्हणाले, स्वभाव कागदावर कळत असता तर माझं लग्न झालं नसतं. आतून सासूबाईंनी भांडं जरा जोरात ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं, की घाटात हलगी वाजते, माणसं ओरडतात, फटाके उडतात. जी घोडी तिथे कान टवकारून एका जागी उभी राहते ती घ्यायची, बाकी सगळी शोभेची. म्हणून इथेही फटाका वाजवून बघ. मी सांगितलं की गेममध्ये फटाके नाहीत, फक्त पिस्तूल आहे. मग तेच वाजव म्हणाले.

मला नाही म्हणायला हवं होतं. पण मी त्या खुर्चीतल्या माणसाला लग्नानंतरच्या चार वर्षांत एवढ्या उत्साहात पाहिलं नव्हतं. मी भर तबेल्यात आभाळाकडे पिस्तूल झाडलं. करडा दोन पायांवर उभा राहिला. तबेल्यातला एक पांढरा कुंपण तोडून गेला. आणखी तीन घोडे दावी तोडून रस्त्यावर. एकच उभी होती, कोपऱ्यातली, काळ्या आयाळीची तांबूस घोडी. तिनं फक्त मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा गवत चघळायला लागली.

"ही," सासरे म्हणाले. "कुमैत हाय. ही आपली."

त्याच क्षणी गेममधला पोलीस आला आणि मला तुरुंगात टाकलं. सासऱ्यांना ते अजिबात पटलं नाही. जनावर पारखायला आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी आत टाकतं का, त्याचा वरचा साहेब कोण आहे, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. सुटल्यावर मी तक्ता उघडला. ती रानटी जातीची मस्टँग होती आणि माझ्या यादीत सातवी. मी दहा मिनिटं दोन्हीकडे बघत बसले. मग सातवी घेतली, आणि मनातल्या मनात खिडकीचा निरोप घेतला.

पुढचा आठवडा मी कामावरून आले की पायातल्या चपला काढायच्या आत सासरे टीव्ही लावून तयार. चढाला पुढे झुकायचं, लगाम ढिला सोडायचा, दम राखायचा, असं सगळं शिकवणं चालू झालं. मी त्यांना सांगून दमले की गेममध्ये पुढे झुकायचं बटण नसतं, तर म्हणाले, तू झुक. मी झुकले. खोटं कशाला सांगू, फरक पडला. सासूबाईंनी घरात नवं जनावर आलं म्हणून टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या कडेला हळदकुंकू लावलं. तो डाग अजून तिथेच आहे आणि बातम्या सांगणाऱ्या बायकांच्या हनुवटीवर येतो. गुरुवारपर्यंत अशी अवस्था झाली की सासरे "उजवीकडं" म्हणायचे आणि माझा अंगठा मला न विचारता उजवीकडे जायचा.

रविवारी जेवणं लवकर आटोपली. सासरे धुवट टोपी घालून बसले. मी कानाला काही न लावता आवाज टीव्हीवरच ठेवला, म्हणजे त्यांनाही बसमधल्या मंडळींचं बोलणं ऐकू येईल. बीडच्या गड्यानं माझी घोडी बघून विचारलं, मॅडम, दुधाला घेतली का. सासऱ्यांनी टोपी जरा खाली ओढली.

सुटलो. पहिल्या माळावर तो अरबी घोडा असा काही निघाला की आमच्या तोंडावर नुसती धूळ. उरलेल्या दोघांपैकी एक नदीत वाहून गेला आणि दुसऱ्याला त्याच्या बायकोनं भाजी आणायला उठवलं. सासरे म्हणत होते, जाऊ दे त्याला, दम राख, दम राख. पुढे रेल्वेचं फाटक होतं. तोवर त्याच्या घोड्याचा दम सरत आला होता; आम्ही त्याला तिथे गाठायला आणि आगगाडी शिट्टी फुंकत यायला एकच गाठ पडली. पांढरा घोडा चारी पायांवर नाचला आणि त्यानं बीडच्या गड्याला सरळ निवडुंगात टाकलं. आमच्या हॉलमध्ये त्याच्या तोंडून जे शब्द आले ते ऐकून सासूबाई आत निघून गेल्या. आमच्या कुमैतनं शिट्टीला फक्त कान टवकारले, गाडी निघून गेल्यावर रूळ ओलांडले आणि ती चढाला लागली.

मी खरंच पुढे झुकले होते. मागे तो पुन्हा घोड्यावर बसून येत होता, पण अंतर बरंच होतं. पवनचक्की दिसली, फाटक दिसलं. सासरे खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. गुडघ्यांचं नाव नाही. माझी खिडकी, तिची खोबण, सगळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. फाटक दहा ढांगांवर आलं.

"काढ बाहेर," सासरे ओरडले.

आणि माझ्या अंगठ्यानं काढली. फाटकाच्या तोंडाशी घोडी उजवीकडे वळली, कुंपणाच्या कडेनं गेली आणि बाजूला उभी राहिली, अगदी शिस्तीत. बीडचा गडी आमच्या शेजारून सरळ फाटकातून गेला. त्यालाही कळेना. मग त्यानं हळूच विचारलं, मॅडम, काय झालं?

मी टीव्हीचा आवाज बंद केला. मला रडू येत होतं, एका बसमधल्या जागेसाठी, आणि त्याची लाजही वाटत होती. घाटात तसंच असतं, हे माझ्या डोक्यात नंतर आलं. निशाण आलं की घोडी बाजूला काढायची, नाहीतर मागून येणारे बैल तिच्या अंगावर जातात. सासरे अजून उभेच होते. टोपी हातात आली होती.

"चूक झाली, सूनबाई," ते म्हणाले. "तीस वरसं पुडं पळालो. निशाण आलं की काडली बाहेर. लंबर गाड्याचा असतोय, घोडीचा नसतोय." मग म्हणाले, "घोडीवरनं निशाणाच्या पल्याड म्या कदी गेलोच न्हाई."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी घोडी परत चढाच्या पायथ्याशी नेली आणि गेमचा रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लगामासारखा धरला. पहिल्या खेपेला घोडी पाण्याच्या हौदात गेली. दुसऱ्या खेपेला छान पळाली, फाटकाशी आली, आणि त्यांनी स्वतःच ती बाहेर काढली. तिसऱ्या खेपेलाही तेच. ते स्वतःच्या अंगठ्याकडे असे बघत होते की जणू तो भाडेकरूंपैकी कुणाचा आहे.

चौथ्या खेपेला मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला. चार वर्षांत मी त्यांच्या पायाला सणावाराला हात लावला होता, हाताला कधीच नाही. फाटक आलं तसा त्यांचा अंगठा खालून उजवीकडे ओढायला लागला. मी दाबून धरला. घोडी फाटकातून सरळ पलीकडे गेली.

पलीकडे काही नव्हतं. उतार होता, गुडघाभर गवत, एक मोडकी गाडी आणि लांब कुठंतरी डोंगर. सासरे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, एवढंच होय म्हणतील.

"तिला जरा चरू दे," ते म्हणाले, आणि मी अंगठा उचलला.