नळ मी उघडा ठेवला नव्हता

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले नाही तर आई वर्षभर बोलून दाखवते, म्हणून ऐन लग्नसराईत शिलाईचं काम टाकून मी धानोऱ्याला गेले. आंबरस-मांडे रिचवून शहाद्याला परतले, भाड्याच्या खोलीचं कुलूप काढलं आणि पाय थेट पाण्यात पडला.

छतातून पाणी गळून भिंतीवरून उतरलं होतं. मशीनची मोटार भिजली होती, इंटरलॉकच्या मशीनला गंज चढू लागला होता आणि टेबलावर गठ्ठ्यानं ठेवलेल्या नवरीमुलींच्या ब्लाऊजांवर लाल अस्तराचा रंग उतरला होता. मी उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. लाजबीज काही वाटली नाही.

घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते. खाली येऊन त्यांनी खोलीवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "तूच नळ उघडा ठी गयी व्हशी, बाई. आते मन्हा नावनी बोंब मारू नको."

"नाना, पानी वरतून उनं शे," मी म्हणाले. "मन्हा नळ काय छतले शे?"

ते जिना चढून गेले. संध्याकाळपर्यंत मात्र गल्लीभर झालं की टेलरबाई नळ उघडा टाकून गेली आणि लोकांचे कपडे भिजवून बसली. बायका आपापली कापडं परत न्यायला आल्या. कोपऱ्यावरची किराणावाली तर दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोकेस्ना कपडास्वर ध्यान नको का ठेवाले?" त्या वाक्यानं माझ्या अंगाची आग आग झाली. मशीन दुरुस्त होतं. पण शिवणाऱ्या बाईचं नाव एकदा गेलं की तिच्याकडे कापड टाकतं कोण? नुकसान तर वसूल करायचंच, पण हे खोटं नानांना त्यांच्याच तोंडानं मागे घ्यायला लावायचं, असं मी ठरवलं.

तालुक्याच्या कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो, हे बचत गटाच्या बैठकीत ऐकलं होतं. मला मिळालेली वकीलबाई माझ्याहून लहान, चष्मेवाली, शांत. तिनं सगळी हकिकत लिहून आणायला सांगितलं. मी लिहून नेली. तिनं वाचली आणि पहिलं पान बाजूला ठेवलं.

"ताई, नानांचा स्वभाव लिहू नका, नुकसान लिहा. आणि पाणी कशामुळे आलं ते सांगा. नुसतं वरून आलं, एवढ्यावर दावा उभा राहत नाही."

राग आला, पण बाईचं बरोबर होतं. घरी येऊन मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. टाकीच्या लोखंडी स्टँडचा रंग दोन ठिकाणी घासून निघाला होता आणि तिथे नायलॉन दोराचे केशरी धागे अडकले होते. शेजारून थेट माझ्या खोलीच्या छतापर्यंत उतरणारा पाइप सांध्यावर नव्या ट्यूबनं करकचून बांधलेला. मी क्षणभर बघत राहिले आणि मग एकटीच हसत सुटले.

आमच्या गल्लीत अखाजीचा झोका निंबाला बांधायचे. तो निंब यंदा गटारीच्या कामात तोडला. पण सासरहून लेकी आल्या आणि झोका नाही, मग ती अखाजी कसली? आपल्या लेकीच्या हट्टापायी नानांनी टाकीच्या स्टँडलाच दोर बांधला असणार. वर भरलेली टाकी, बाजूला जुनाट पाइप आणि गाणी म्हणत चढाओढीनं झोके घेणाऱ्या बाया. पाइप निखळला नसता तरच नवल.

आता साक्षीदार हवे होते. मी दारोदार फिरले. झोक्याचं नाव काढलं की जी ती चुलीवरचं दूध बघायला पळायची. शेवटी किराणावालीनं कबूल केलं, "व माय, मी बी बठनू व्हतू. कोर्ट मले बी धरी ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाइप आपल्याच झोक्यानं तुटला, असं प्रत्येकीला वाटत होतं. मग प्रत्येक घरी जाऊन मी एकच सांगत सुटले. "झोका खेळना गुन्हा नही. पाइप तुटना हाई नानाले दखायनं. पानी खाले उतरनं. चावी जवळ राहीसन बी त्यानी मन्ही खोली उघडी नही, मले फोन करा नही. दावा त्यानावर शे." नानांच्या लेकीलाही सासरी फोन करून साक्षीला यायला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

दावा दाखल होण्याआधी आम्हाला लोकअदालतीत न्यायाधीश साहेबांपुढे समोरासमोर बसवलं. नाना कडक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. शाळेतली शुद्ध मराठी काढून म्हणाले, "साहेब, गच्चीवर झोका बांधलेलाच नव्हता."

साहेबांनी मागे बसलेल्या बायकांकडे पाहिलं. "झोक्यावर कोणी बसलं होतं का?"

कोणी हलेना. संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून नानांची लेक उठली. "मी बसले होते, साहेब. दोर बाबांनीच बांधला."

मग किराणावालीनं हात वर केला. "मी बी." मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्या रांगेनं. एक आजी तर उठून सांगू लागली, "मन्हा झोका सर्वास्मा उच्चा गया व्हता!" साहेबांनी हसू लपवायला कागदांत तोंड घातलं. मला त्या आजीचा मुका घ्यावासा वाटला.

दोन्ही मशीनची दुरुस्ती आणि कापडांची भरपाई नानांनी मान्य केली. मी म्हणाले, "अजून एक. गल्लीत सांगायचं." हे तडजोडीत बसत नाही, असं वकीलबाई कानात कुजबुजली. नानांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली बसेना, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी ते ओट्यावर उभे राहून म्हणाले, "टेलरबाईना नळ उघडा नव्हता. मन्ही टाकीना पाइप तुटना व्हता. मी खोटं बोलनू." सगळी गल्ली ऐकत होती.

"आमले ते पहिलेपासून माहीत व्हतं वं!" म्हणत किराणावालीनं तिथल्या तिथे ब्लाऊजचं कापड माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं, मापही घेतलं, आणि शिवलं मात्र सगळ्यांच्या शेवटी.