लवंगीच्या हातच्या छत्र्या

लवंगीला राग येत नसे. तो आलेलाच असे. सकाळी दूध उतू गेलं तर राग, आणि नाही गेलं तर ‘किती वेळ उभी राहू याच्यापुढे?’ म्हणून राग. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली झोपलेली म्हातारी माणसं उठून बसत. कामावरच्या बायकांनी तिला लवंगी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे तिच्या नवऱ्यालाही तिचं खरं नाव सांगायला जरा थांबावं लागे.

तिचं काम होतं लढाऊ विमानांच्या तळावर, छत्रीखान्यात. छत्रीखाना म्हणजे एक लांबलचक खोली, गुळगुळीत टेबलं, आणि छतापासून लोंबणारे दोर. लढाऊ विमान उतरतं तेव्हा एवढ्या वेगात असतं की नुसत्या चाकांच्या ब्रेकला ते जुमानत नाही. मग त्याच्या शेपटीतून एक मोठी छत्री बाहेर पडते, वारा पिऊन फुगते आणि विमानाला मागून खेचून धरते. लवंगी म्हणे, “उधळलेल्या रेड्याची शेपूट धरायची, दुसरं काय!” विमान थांबलं की ती मळलेली छत्री इकडे यायची. झटकायची, टांगून सुकवायची, फाटलं असेल तिथे शिवायचं, आणि मग घडी घालून परत पिशवीत. घडी नीट बसली नाही तर छत्री उघडत नाही. म्हणजे मग रेडा आणि त्याच्यावर बसलेलं कुणाचं तरी पोर.

या घडीचा एक जुना नियम होता. जी बाई छत्री हातात घेईल तिनंच ती शेवटपर्यंत बांधायची. घड्या घालताना कापड निसटतं, म्हणून मध्ये एका फितीनं आवळून ठेवायचं. प्रत्येकीची फीत वेगळ्या रंगाची, लवंगीची लाल. पिशवी बंद करायच्या आधी ती फीत ओढून काढायची आणि स्वतःच्या गळ्यात टाकायची. फीत गळ्यात आली की पिशवीचं तोंड मिटायचं. आणि दुसरीच्या फितीला हात लावायचा नाही. एकदा एका नव्या बाईनं मदत म्हणून लवंगीची फीत सोडली. लवंगीनं अख्खी छत्री उलगडून जमिनीवर पसरली आणि त्या बाईला असं काही सोललं की ती दुपारपर्यंत पाणी प्यायलाही उठली नाही. त्यानंतर लाल फितीकडे कुणी नजर वर करून बघत नसे.

लवंगीची धाकटी जाऊ त्याच खोलीत होती. धाकट्या दिराची पाठ गोदामात ओझं उचलताना कामातून गेली, तेव्हा लवंगीनंच जावेला ओढून आणलं, शेजारी उभं केलं आणि ओरडून ओरडून काम शिकवलं. आता दिराच्या घरातली चूल धाकटीच्या हातांवर पेटत होती. धाकटी शांत होती, हात मऊ होता, आणि लवंगी समोर आली की आवाजही मऊ व्हायचा.

मग नवी विमानं आली. बँड वाजला, खुर्च्या मांडल्या, मोठे लोक गाड्यांतून उतरले. माईकवर कुणी म्हणालं, आपलं बळ दुप्पट झालं. बायकांना मागच्या रांगेत उन्हात उभं केलं होतं. लवंगी शेजारणीच्या कानात म्हणाली, “बळ दुप्पट, आणि हात? पाळण्याला गोंडे लावायला सगळे धावतात. लंगोट धुवायची वेळ आली की आम्ही!” तो कान जरा लांब होता, त्यामुळे पुढच्या तीन रांगांनीही ते ऐकलं.

नव्या विमानांच्या छत्र्या मोठ्या. जुन्या विमानांच्या होत्याच. बाई एकही वाढली नाही. छत्रीखान्याच्या साहेबांना वरून रोज विचारणा होई, विमानं का खोळंबलीत? साहेबांनी डोकं चालवलं. सगळी टेबलं एकाला एक लावली आणि म्हणाले, आता काम हातोहात करायचं. लवंगी घड्या घालणार. तिच्या पुढे जी उभी राहायची तिला सगळ्या मास्तरीण म्हणत, कारण पूर्वी ती बालवाडीत शिकवायची. ती दोऱ्या लावणार. शेवटी धाकटी पिशवी बंद करणार.

“साहेब, बाळंतपण तीन दवाखान्यांत वाटून होतं का?” लवंगी म्हणाली.

“मावशी, तुम्ही फार बोलता.”

“बोलता बोलता माझे हात चालतात. तुमचं काय चालतं?”

बायका तोंडात पदर, ओढणी जे मिळेल ते कोंबून हसल्या. पण टेबलं जोडलेलीच राहिली.

फितीचं काय करायचं हे मात्र कुणीच ठरवलं नाही. लवंगीनं फीत आधीच काढली तर मास्तरणीकडे जाईपर्यंत घडी विस्कटे. म्हणून फीत तशीच पुढे जायची, आणि शेवटी धाकटी हाक मारायची, “ताई, फीत!” मग लवंगी हातातलं टाकून टेबलाच्या त्या टोकाला जायची, फीत ओढायची, परत यायची. साहेबांना विचारायचं तिच्या मनात आलं नाही, आणि फीत काढायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं तर तिच्या जिवावर आलं असतं.

त्या दुपारी एकामागून एक विमानं उतरत होती. दाराशी मेकॅनिक उभा, त्याच्यामागे साहेब. छत्र्यांचा ढीग लवंगीच्या छातीला लागलेला. त्याच दुपारी बांधलेली छत्री घेऊन गेलेलं एक विमान संध्याकाळच्या आत धावपट्टीवर उतरलं, शेपटीतून छत्री पडली, आणि उघडलीच नाही. दोरीला बांधलेल्या गाठोड्यासारखी मागे आपटत राहिली. विमान धावपट्टी संपवून चिखलात शिरलं. आतल्या पोराचा पाय मोडला, जीव वाचला.

गाठोडं छत्रीखान्यात आणून टेबलावर ठेवलं तेव्हा घड्या तशाच होत्या. मधोमध लाल फीत.

धाकटीला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. पिशवी जिच्या हातानं बंद झाली तिची जबाबदारी, साहेब म्हणाले. चौकशी बसेल, मग नोकरीचं काय ते ठरेल. काय ठरणार हे त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

लवंगी दुसऱ्या दिवशी दार न वाजवता साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब ओरडले नाहीत. उलट खुर्ची दिली. तिथेच तिला संशय आला.

“मावशी, फीत तुमची होती. पण मी त्याचा बाऊ करणार नाही. तुम्ही जुनं माणूस. चौकशीत एवढंच सांगा की फीत काढणं शेवटच्या हाताचं काम होतं.”

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे माझ्या जावेच्या पोटावर उभी राहून मी स्वतःची उंची वाढवू? तुमच्या घरी चालतं का असं?”

“विचार करा. नाहीतर दोघीही जाल.”

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली, रागानं. घरी आली ती थेट धाकटीच्या स्वयंपाकघरात. आपण साहेबाला कसं सुनावलं हे सांगायचं होतं. पण धाकटी खाली मान घालून तांदूळ निवडत होती, आणि ती खाली घातलेली मान बघून लवंगीचा तोल सुटला.

“तोंड शिवलंय का तुझं? साहेबासमोर एक शब्द नाही! एवढी मोठी फीत दिसली नाही म्हणून तरी सांगायचंस!”

“दिसली होती,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“दोऱ्यांच्या खालून टोक दिसत होतं. दिसलं मला.”

“दिसलं आणि बंद केलीस? डोळे होते की बटणं?”

धाकटीनं ताट बाजूला सरकवलं. “हाक मारली ना तुम्हाला. दोनदा मारली. तुम्ही म्हणालात, ‘हात गुंतलेत, आंधळी आहेस का?’ मग मला वाटलं, नवी मोठी छत्री आहे, ताईंनी मुद्दाम ठेवली असेल. तुम्हाला माहीत असतं सगळं.”

“मग ओढून काढायचीस!”

“तुमची फीत?” धाकटी उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून लवंगीनं तिचा हा आवाज ऐकला नव्हता. “त्या बाईचं काय केलंत बघितलंय मी. मी काढली असती तर सगळ्यांसमोर माझी सालं काढली असतीत. विमान गेलं तरी चालेल, पण ताईंचा ओरडा नको, एवढी भीती घालून ठेवलीय तुम्ही! त्या पोराचा पाय मोडला तो माझ्या भित्रेपणानं, आणि मला भित्रं कुणी केलं?”

आतल्या खोलीतून दीर म्हणाला, “अगं, हळू.”

“तुम्ही गप्प बसा!” दोघी एकदम म्हणाल्या.

लवंगी आपल्या घरात आली आणि एक स्वच्छ पातेलं घासायला घेतलं. राग तर होता, पण कुणाच्या अंगावर टाकावा ते कळेना. साहेबावर टाकला तर तो पुरून उरत होता. धाकटीवर टाकायला जावं तर तो तिच्याच तोंडावर परत येत होता. पातेल्याची कड चेपली तेव्हा नवरा म्हणाला, “त्याचा काय दोष?” आणि शहाणपणानं बाहेर निघून गेला.

चौकशीला तीन अधिकारी होते. समोर पाण्याचे ग्लास, त्यांवर झाकणं. साहेब कडेला. लवंगीला विचारलं, फीत कोणाची?

“माझी. तिला कुणी हात लावायचा नाही हा नियमही जुना, पण त्याला धार मी लावली. एकटीनं छत्री बांधायची तेव्हा तो नियम ठीक होता. तुम्ही टेबलं जोडलीत, नियम तसाच राहिला. साहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती हाक मारत होती तेव्हा मी तिच्यावर खेकसले.”

“म्हणजे चूक तुमची?”

“अर्धी माझी. उरलेली उचलायला कोण पुढे येतंय ते बघत उभी आहे.”

साहेबांना खिशातलं पेन सापडेना.

लवंगीचा आवाज चढला. “एवढी विमानं मागवलीत. रंग कोणता द्यायचा तेसुद्धा ठरवलंत म्हणे. यांच्या छत्र्या कोण बांधणार, हे एकाला तरी सुचलं का? तेवढेच हात, तेवढीच खोली. वरून म्हणायचं, बळ वाढलं! कुणाचं वाढलं? आमच्या मनगटांना तर रात्री वाटी पेलवत नाही.”

मधले अधिकारी म्हणाले, “पण पिशवी तुमच्या जावेनं बंद केली, हे खरं ना?”

“खरं. माझ्या भीतीनं केली. काढायचं तर आधी मला काढा. तिला काढून तुमची छत्री उघडणार नाही.”

मधल्या अधिकाऱ्यांनी ग्लासावरचं झाकण उचललं.

निकाल लागला तो असा: धाकटी कामावर परत. लवंगीला छत्रीखान्यातून उचलून अंगणापलीकडच्या शेडमध्ये टाकलं. तिथे उभ्या विमानांच्या नाकावर घालायच्या जाड कापडी टोप्या शिवायच्या. रंगीत फिती बंद. नव्या बायका भरू असं सांगितलं, पण बायकांच्या आधी विमानांची पुढची तुकडी येऊन उभी राहिली. टेबलं जोडलेलीच. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. हे ऐकलं त्या दिवशी लवंगीनं सुया मोडल्या, आणि शिवणयंत्राशीसुद्धा अबोला धरला.

धाकटी घरी तिच्याशी बोलत होती, कामापुरतं. “ताई, पाणी आलंय.” “ताई, तुमची किल्ली.” लवंगीही “हं” म्हणे. हे “हं” तिला फार महाग पडत होतं.

मग एका दुपारी छत्रीखान्यात गलका झाला. शेडची खिडकी उघडी होती. नव्या साहेबांचा आवाज आला, घाई चाललीय, बंद करा, मेकॅनिक थांबलाय. आणि त्याच्यावर एका बाईचा आवाज, फाटलेला, चिरकत जाणारा.

“नाही करणार! आतून ओली आहे ती. हात घालून बघा! घाई असेल तर बिनछत्रीचं उडवा आणि आत तुम्ही बसा!”

लवंगीचं यंत्र थांबलं. शेजारची शिवणकरीण म्हणाली, “अगं, तुझी धाकटी ना ही? जा की, दोन शब्द टाक.”

लवंगी उठली, दारापर्यंत गेली. हात शिवशिवत होते, जीभ त्याहून जास्त. पलीकडे धाकटी क्षणभर अडखळली, मग परत सुरू झाली. “साहेब, कृपा करून हात लावू नका या पिशवीला!”

“ऐकलंस?” लवंगी परत येऊन स्टुलावर धपकन बसली. “कृपा करून, म्हणे! भांडणात कृपा करून! माझ्या शेजारी एवढी वर्षं उभी राहिली आणि नीट भांडता येत नाही हिला.”

“मग जाऊन शिकव.”

“गप्प बस,” लवंगी म्हणाली. “ऐकू दे मला.”